मास्कची गळती (स्लीप ॲप्निया उपचार)

स्लीप ॲप्नियासाठी (झोपेत घसा मिटून श्वास वारंवार थांबण्याचा विकार) सीपॅप यंत्र, म्हणजे मास्कमधून दाबाने हवा देणारे यंत्र, लावून झोपल्यावर मास्कच्या कडेतून किंवा उघड्या तोंडातून जी हवा वाया जाते, तिला गळती म्हणतात. झोपेत मिटणारा घसा हवेच्या सततच्या दाबाने उघडा ठेवण्याची ही पद्धत ऑस्ट्रेलियात कॉलिन सुलिव्हन व सहकाऱ्यांनी 1981 मध्ये मांडली.

उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडावा म्हणून मास्कला बारीक छिद्रे मुद्दाम ठेवलेली असतात. ती कधीही बुजवू नयेत. दाब वाढला की त्यांतून जास्त हवा जाते. तो दोष नव्हे. रेसमेड या कंपनीची यंत्रे हा वाटा वजा करून उरलेली गळती दाखवतात, फिलिप्सची अनेक यंत्रे मात्र एकूण प्रवाह नोंदवतात. त्यामुळे दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून तुलना करण्यात अर्थ नाही. रेसमेडच्या सेटिंगमध्ये मास्कचा प्रकार चुकीचा निवडलेला असला, तर वजाबाकीच चुकते.

रेसमेडच्या यंत्रांवर मिनिटाला 24 लिटरच्या वरची गळती मोठी धरतात. यंत्राच्या अहवालातला ‘95 टक्के’ आकडा सांगतो, की 95 टक्के वेळ गळती तेवढी किंवा त्याहून कमी होती. 7 तासांच्या झोपेत सलग 20 मिनिटे मास्क सरकून राहिला, तरी तो आकडा निर्दोष दिसू शकतो. मोठ्या गळतीत यंत्राला श्वासाची लाट नीट वाचता येत नाही आणि श्वास थांबल्याच्या नोंदी सुटतात. तेवढ्या वेळेतल्या कमी एएचआयवर (तासाला श्वास थांबण्याच्या किंवा मंदावण्याच्या सरासरी नोंदी) विसंबू नये.

म्हणून रात्रभराच्या गळतीचा आलेख पाहावा. ऑस्कर हे मोफत सॉफ्टवेअर बऱ्याच यंत्रांचे एसडी कार्ड वाचते. संगणकात घालण्याआधी कार्डाची कडेची कळ लॉकवर सरकवावी. रेषा एकदम चढून सपाट राहिली, तर बहुधा कूस बदलताना मास्क सरकलेला असतो. करवतीसारखे दाते दिसले, तर तोंड उघडत असण्याची शक्यता जास्त. छिद्रांचा वाटा वजा करूनही दाबाबरोबर गळती चढत असेल, तर पट्टे सैल आहेत किंवा कुशनचे (मास्कची चेहऱ्याला टेकणारी मऊ सिलिकॉनची कड) माप चुकले आहे. रात्रभर रेषा सारखीच उंच असेल, तर झिजलेले कुशन, नळीचे छिद्र किंवा हवा ओलसर करणाऱ्या पाण्याच्या टाकीचे झाकण तपासावे. गोव्यात पावसाळ्यात वीज गेली की आलेख तुटतो. ती खंडित जागा म्हणजे गळती नव्हे.

इथल्या दमट हवेत घाम आणि रात्री डोक्याला चोळलेले खोबरेल तेल यांमुळे सिलिकॉन घसरते. झोपण्यापूर्वी चेहरा साबणाने धुवावा, कुशन रोज सौम्य साबणाने धुऊन पंख्याखाली पूर्ण वाळवावे. एसीच्या गारव्यात नळीत पाणी साचते. तेव्हा यंत्रावरची आर्द्रता एक पायरी कमी करावी किंवा नळीला कापडी आवरण घालावे.

आकडा वाढला की पट्टे आवळायचे, हीच सर्वांत सामान्य चूक आहे. आवळल्याने कुशनची पातळ आतली कड दुमडते, गळती वाढते आणि नाकाच्या हाडावर वळ उठतो. त्याऐवजी आडवे होऊन यंत्र सुरू करावे, पट्टे सैल करावेत, मास्क चेहऱ्यापासून किंचित ओढून कुशन हवेने फुगू द्यावे, मग दोन्ही बाजू सारख्या आवळाव्यात. तोंडाला टेप लावण्यापूर्वी नाक चोंदत नाही ना, हे डॉक्टरांकडून पाहून घ्यावे. उलटीचा त्रास असेल तर टेप नकोच.