सोफ्यावरच्या उशा : घेण्याआधी आणि मांडताना

आमच्या दुकानात उशा घ्यायला येताना बहुतेक जण पडद्याचा तुकडा नाहीतर सोफ्याचा फोटो आणतात. रंग जुळवायला त्याचा उपयोग होतोच. पण येताना एक मापही घेऊन या. सोफ्याच्या पुढच्या कडेपासून पाठीपर्यंत टेप लावा आणि बैठक किती खोल आहे ते लिहून आणा.

पाठीमागे ठेवलेली फुगीर उशी चार-पाच इंच बैठक सहज खाते. बैठक 20-22 इंचांची असेल तर 16 इंची उशी पुरे. 24 इंचांच्या पुढे असेल तर 18 किंवा 20 इंची शोभते. आजी-आजोबा बसत असतील त्या जागी चौकोनी उशी नकोच. तिथे 12 बाय 18 ची लांबट उशी आडवी ठेवा, कमरेला नेमका आधार मिळतो.

तिघांच्या सोफ्याला चार उशा पुष्कळ झाल्या. दोन्ही कोपऱ्यांत मोठी मागे, लहान थोडी पुढे, आणि मधली जागा मोकळी. पाहुणे बसताना उशी उचलून मांडीवर घेऊ लागले, की एक उशी जास्त झाली असे समजा. चार विकायच्या ठिकाणी तीनच विकल्या तरी चालेल, पण बसणाऱ्याची अडचण होऊ नये.

कापडाबद्दल आमचे मत ठाम आहे. एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा मखमल पाठीला नकोशी होते. सुती घ्या. रेक्झिनच्या सोफ्यावर सॅटिनची उशी सारखी घसरते, जाड सुती उशी जागा धरून राहते.

भौगोलिक मानांकन मिळालेली आपली सोलापुरी चादर तर घरचीच. ती दुहेरी विणीची, जेकार्डची, म्हणजे नक्षी मागावरच विणलेली असते. एका बाजूला मरून रंगाच्या जमिनीवर पांढरे फूल असेल, तर उलट्या बाजूला पांढऱ्या जमिनीवर तेच फूल मरून रंगाचे दिसते. म्हणून आम्ही एकाच चादरीतून दोन अभ्रे सुलट आणि दोन उलट बाजूने शिवतो. चारही उशा एकमेकींशी जुळतात, तरी एकसारख्या दिसत नाहीत. ही जोडी आम्हाला स्वतःला सर्वांत आवडते.

अभ्रा नेहमी आतल्या उशीपेक्षा इंच-दोन इंच लहान हवा. 16 च्या अभ्र्यात 18 ची उशी घातली की कोपरे भरतात आणि उशी ताठ बसते. सुरुवातीला आम्ही कापड पाण्यातून न काढताच शिवायचो. एका ताईंचे अभ्रे पहिल्याच धुण्यात इंचभर आटले, चेन लागेना. आम्ही ते सगळे नव्याने शिवून दिले. तेव्हापासून कापड रात्रभर भिजवून, वाळवून मगच कात्री लावतो. तुम्ही कुठेही शिवून घ्या, शिंप्याला हे आधी विचारा.

आत फायबर असेल तर उशी धुता येते. कापसाची उशी थंड असते, पण वर्षा-दोन वर्षांत गोळे धरते, पुन्हा पिंजून घ्यावी लागते. गडद रंगाचे अभ्रे पहिल्यांदा वेगळे, गार पाण्यात धुवा आणि उलटे करून सावलीत वाळवा.

जुन्या उशा बसल्या असतील तर टाकू नका, दुकानात घेऊन या. चेन उघडून भर पाहू. बऱ्याचदा थोडा फायबर घातला तरी भागते, नवी उशी घ्यावी लागत नाही.