मनोविकार परिचर्येतील पदव्युत्तर शिक्षण : अर्ज कोणत्या कागदावर अडतो

प्रवेशाची अधिसूचना निघाली की नागपुरातील आणि भंडारा, गोंदिया, चंद्रपूर या बाजूंच्या परिचारिका कागदांची पिशवी घेऊन माझ्याकडे येऊ लागतात. मी अनेक वर्षे पाठ्यनिर्देशिका, म्हणजे परिचर्येची (नर्सिंगची) शिक्षिका, म्हणून काम केले आणि निवृत्तीनंतर अर्ज तपासून देण्याचे काम आपोआपच माझ्याकडे आले. इतक्या अर्जांमध्ये गुण कमी पडल्यामुळे बाद झालेले अर्ज मला थोडेच आढळले. बहुतेक अर्ज एखाद्या कागदावर अडले, आणि तो कागद वर्षभर आधी सहज मिळाला असता. म्हणून पुढील माहितीत अर्ज भरण्याच्या पायऱ्यांना कमी जागा दिली आहे आणि अडणाऱ्या जागांना जास्त.

प्रथम वाटा दोन आहेत हे समजून घ्यावे, कारण त्यांची गल्लत झाली की पुढचे सर्व हिशेब चुकतात. पहिली वाट म्हणजे एम.एस्सी. नर्सिंग, विशेष विषय मानसिक आरोग्य परिचर्या, कालावधी 2 वर्षे. दुसरी वाट म्हणजे मनोविकार परिचर्येतील पोस्ट बेसिक पदविका, कालावधी 1 वर्ष. एम.एस्सी.साठी बी.एस्सी. नर्सिंग किंवा पोस्ट बेसिक बी.एस्सी. (परिचर्येच्या पदविकेनंतर केलेली) ही पदवी लागते. पदविकेला मात्र जी.एन.एम. (सामान्य परिचर्या व प्रसूतिविद्येची पदविका) झालेली, राज्य परिचर्या परिषदेकडे नोंदणी असलेली आणि किमान एक वर्ष अधिपरिचारिका (स्टाफ नर्स) म्हणून काम केलेली व्यक्तीही पात्र ठरते. ‘आमचे तर जी.एन.एम.च झाले आहे, आम्हाला या विषयात पुढे काही नाही’ असे मानून कित्येक अनुभवी परिचारिका अर्जच करीत नाहीत, याचे मला फार वाईट वाटते. वॉर्डात रुग्णासोबत काम करीत राहायचे असेल तर पदविका पुरेशी आणि उपयोगी आहे. अध्यापनाकडे वळायचे असेल तर एम.एस्सी.ला पर्याय नाही.

एम.एस्सी.साठी भारतीय परिचर्या परिषदेचे निकष मोजके आहेत : मान्यताप्राप्त संस्थेतून पदवी, पदवीला एकूण किमान 55 टक्के गुण, राज्य परिषदेकडे परिचारिका व प्रसूतिका अशी नोंदणी, एक वर्षाचा कामाचा अनुभव आणि वैद्यकीय तंदुरुस्ती. अनुसूचित जाती व जमातीच्या उमेदवारांना गुणांत 5 टक्क्यांची सवलत देता येते. एकूण गुण म्हणजे पदवीच्या सर्व वर्षांची बेरीज, केवळ शेवटच्या वर्षाचे गुण नव्हेत. 54.7 टक्के असलेल्यांनी ते 55 धरले जातील अशी आशा बाळगू नये. गुणपत्रिकेवर श्रेणी असेल तर तिचे टक्क्यांत रूपांतर करून देणारे विद्यापीठाचे पत्र आधीच मागवून ठेवावे.

आता खरा अडसर, म्हणजे अनुभव प्रमाणपत्र. बी.एस्सी. झालेल्यांच्या बाबतीत हा एक वर्षाचा अनुभव पदवीनंतरचाच असावा लागतो. पोस्ट बेसिक बी.एस्सी. झालेल्यांचा अनुभव त्या पदवीच्या आधीचा किंवा नंतरचा, कोणताही चालतो. सत्र पद्धतीच्या नव्या बी.एस्सी. अभ्यासक्रमात शेवटचे सत्र आंतरवासितेचे (इंटर्नशिपचे) असते आणि त्या काळात विद्यार्थिनी पूर्ण पाळी करतात, म्हणून ते महिने अनुभवात धरण्याचा मोह होतो. ते धरले जात नाहीत, कारण तो पदवीचाच भाग आहे. त्याचप्रमाणे निकाल लागल्यावर परंतु परिषदेची नोंदणी मिळण्यापूर्वी, ‘ट्रेनी’ म्हणून केलेले काम मोजले जाईल या भरवशावरही राहू नये. नोंदणीच्या दिनांकापासून बारा महिने मोजावेत आणि ते त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत दिलेल्या दिनांकापर्यंत पूर्ण होतात का ते पाहावे. हा दिनांक अर्जाच्या अंतिम मुदतीपेक्षा वेगळा असू शकतो. दोन्ही एकच समजून काही जणी दहा-बारा दिवसांनी कमी पडतात आणि त्यांचे एक वर्ष जाते.

प्रमाणपत्राचा मजकूर याहूनही जास्त अर्ज अडवतो. धंतोली आणि रामदासपेठेच्या गल्ल्यांतील लहान रुग्णालयांत काम करणाऱ्या मुलींना नोकरी सोडताना मिळते ते पत्र साधारणपणे ‘यांनी आमच्याकडे समाधानकारक काम केले, त्यांना शुभेच्छा’ एवढेच असते. असे पत्र छाननीत टिकत नाही. प्रमाणपत्र रुग्णालयाच्या नाममुद्रित कागदावर असावे. त्यात पदनाम, काम पूर्णवेळ असल्याचा उल्लेख, रुजू झाल्याचा व कार्यमुक्त झाल्याचा दिनांक, कोणत्या विभागात काम केले आणि रुग्णालयाची खाटांची संख्या असावी. खाली सही करणाऱ्याचे नाव, पद, शिक्का आणि जावक क्रमांक असावा. महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम, 1949 खाली रुग्णालयाला मिळालेल्या नोंदणीची छायांकित प्रतही त्याच वेळी मागून घ्यावी, कारण नोकरी सोडल्यावर ती कोणी देत नाही.

तीन वर्षांपूर्वी एक मुलगी माझ्याकडे आली होती. चौदा महिने तिने अतिदक्षता विभागात रात्रपाळ्या केल्या होत्या, वेतन रोख मिळत असे, आणि ती अर्ज भरायला निघाली तोपर्यंत ते रुग्णालय बंद पडून त्या इमारतीत कपड्यांचे दुकान आले होते. तिच्याकडे ना नियुक्तिपत्र होते, ना बँकेतील एखादी नोंद. आम्ही त्या डॉक्टरांच्या घरी दोनदा जाऊन आलो, पण जुना शिक्का आणि नोंदवही काहीच हाती लागले नाही. तिचा एकही दिवस खोटा नव्हता, तरी तो सिद्ध करणारा कागद नव्हता. त्यानंतर मी भेटणाऱ्या प्रत्येकीला सांगते की वेतन बँकेत जमा करण्याचा आग्रह धरा, भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक असेल तर त्याची नोंद जपून ठेवा, आणि एक वर्ष पूर्ण झाल्याच्या आठवड्यातच पहिले अनुभव प्रमाणपत्र मागून घ्या. नोकरी सोडताना दुसरे घेता येते.

याच संदर्भात एक गैरसमज दूर केला पाहिजे. मानसिक आरोग्य हा विशेष विषय घ्यायचा असेल तर अनुभवही मनोविकार विभागातीलच हवा, असे पुष्कळांना वाटते. परिषदेच्या निकषांत तशी अट नाही. शस्त्रक्रिया कक्षात, बालरुग्ण विभागात किंवा सामान्य वॉर्डात केलेले वर्षही चालते. शिवाय मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, 2017 मध्ये मानसिक आरोग्य परिचारिकेची जी व्याख्या आहे, तीत सामान्य परिचर्येची मान्यताप्राप्त पदविका किंवा पदवी असलेल्या व राज्य परिषदेकडे नोंदणी केलेल्या व्यक्तीचाही समावेश होतो. त्यामुळे पदव्युत्तर शिक्षण नाही म्हणून मनोरुग्णालयात काम करता येणार नाही, ही भीती निराधार आहे.

नोंदणीकडे वळू या. महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी दर 5 वर्षांनी नूतनीकृत करावी लागते आणि त्यासाठी निरंतर शिक्षणाच्या तासांची प्रमाणपत्रे लागतात. अर्ज भरण्याच्या आठवड्यात प्रमाणपत्राच्या मागील बाजूचा दिनांक प्रथमच वाचणाऱ्या परिचारिका दरवर्षी भेटतात. नूतनीकरण दोन दिवसांत होत नाही, म्हणून तो दिनांक आजच पाहावा. ज्यांनी बंगळुरूकडे किंवा मध्य प्रदेशात, छत्तीसगडमध्ये शिक्षण घेतले आणि आता नागपुरात नोकरी करतात, त्यांची अडचण अधिक मोठी असते. मूळ राज्याच्या परिषदेचे ना हरकत प्रमाणपत्र व पडताळणी, त्यानंतर महाराष्ट्रातील नोंदणी, हा प्रवास दोन कार्यालयांच्या टपालावर चालतो आणि त्याला महिनोन्‌महिने लागतात. ज्या नोंदणीवर एक स्त्री दहा वर्षे रुग्णांची सेवा करते आहे, तिच्या पडताळणीचे एक पत्र या टेबलावरून त्या टेबलावर जायला इतका वेळ का लागावा, हा प्रश्न मी अनेकदा विचारला आहे आणि मला उत्तर मिळालेले नाही. उत्तर मिळेपर्यंत उपाय एकच : अधिसूचनेची वाट न पाहता हे काम वर्षभर आधी सुरू करावे. जुन्या जी.एन.एम. अभ्यासक्रमातील पुरुष परिचारकांनी आपल्या नोंदणीत प्रसूतिकेऐवजी कोणत्या समकक्ष प्रशिक्षणाची नोंद आहे ते पाहावे, आणि ती स्पष्ट नसेल तर परिषदेकडून तसे लेखी घ्यावे.

यानंतर येते नावाची अडचण. दहावीच्या आणि पदवीच्या कागदांवर माहेरचे नाव, आधारवर सासरचे, नोंदणीवर माहेरचे आणि अनुभव प्रमाणपत्रावर रुग्णालयात हाक मारली जाते ते अर्धेच नाव, अशी चार नावे घेऊन पडताळणीला गेलेल्या स्त्रीला ‘हे सर्व एकाच व्यक्तीचे आहे कशावरून?’ असे विचारले जाते. विवाह नोंदणी प्रमाणपत्र प्रत्येक वेळी सोबत ठेवावे, आणि नाव अधिकृतपणे बदलले असेल तर शासन राजपत्राची प्रतही. ज्यांनी अद्याप काहीच बदललेले नाही, त्यांना माझा सल्ला असा की प्रवेश पूर्ण होईपर्यंत दहावीच्या प्रमाणपत्रावरील नावच सर्वत्र वापरावे आणि अनुभव प्रमाणपत्रही त्याच नावाने मागावे.

आरक्षणाच्या कागदांत सर्वाधिक चुकीचा वाचला जाणारा दिनांक 31 मार्च आहे. नॉन-क्रिमिलेअर प्रमाणपत्राची वैधता आर्थिक वर्षाशी बांधलेली असते. प्रवेश पावसाळ्यात होत असल्यामुळे त्याच वर्षीच्या 31 मार्चला संपलेले प्रमाणपत्र निरुपयोगी ठरते. पुढील वर्षीच्या 31 मार्चपर्यंत वैध असलेले लागते. जानेवारीत काढलेले प्रमाणपत्र नवे आहे असे समजून स्वस्थ बसू नये, त्यावर छापलेली वैधता वाचावी. विवाहित स्त्रीच्या बाबतीत हे प्रमाणपत्र आई-वडिलांच्या स्थितीवरून दिले जाते, पतीच्या नव्हे. तरीही सेतू केंद्रात पतीचे उत्पन्न मागितले गेले म्हणून परत आलेल्या स्त्रिया मी पाहिल्या आहेत. अशा वेळी शांतपणे पण ठामपणे वडिलांचे कागद पुढे ठेवावेत. जात, उत्पन्न, रहिवास यांच्या दाखल्यांसाठी शासकीय कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्रांना 2004 पासून मुद्रांक शुल्क माफ आहे, हेही लक्षात ठेवावे. तरी दाराबाहेर मुद्रांक विकत घ्यायला लावणारे भेटतात. केवळ जातीच्या दाखल्याने भागत नाही, जात वैधता प्रमाणपत्रही लागते, आणि अनुसूचित जमातींसाठी नागपुरात स्वतंत्र तपासणी समिती आहे. तेथे लागणारा वेळ पाहता बी.एस्सी. करतानाच वैधता काढून ठेवणे शहाणपणाचे आहे. कित्येकींनी ती बी.एस्सी.च्या प्रवेशावेळी काढलेली असते आणि मूळ प्रत जुन्या महाविद्यालयातच पडून असते.

महाविद्यालय निवडताना केवळ नाव पाहू नये. एखाद्या संस्थेला बी.एस्सी.ची मान्यता आहे म्हणून एम.एस्सी.ची किंवा पदविकेची असेलच असे नाही, आणि एम.एस्सी.ची असली तरी मानसिक आरोग्य या विषयाच्या जागा तेथे आहेत की नाहीत हे वेगळे पाहावे लागते. भारतीय परिचर्या परिषदेच्या संकेतस्थळावर शैक्षणिक वर्षानुसार संस्थांच्या याद्या असतात. त्यात अभ्यासक्रम, विषय आणि जागा या तिन्ही गोष्टी जुळल्या पाहिजेत. यासोबतच प्रात्यक्षिकासाठी संस्था विद्यार्थ्यांना कुठे पाठवते हे जरूर विचारावे. एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षी विशेष विषयाचे 650 आणि दुसऱ्या वर्षी 950 तास प्रात्यक्षिकाचे असतात. तीव्र आणि दीर्घकालीन आजाराचे वॉर्ड, व्यसनमुक्ती, बालमार्गदर्शन, समुदायातील काम हे सर्व त्यात यायला हवे. छिंदवाडा मार्गावरील प्रादेशिक मनोरुग्णालय हे राज्यातील अशा चार रुग्णालयांपैकी एक आहे (इतर तीन ठाणे, येरवडा आणि रत्नागिरी येथे), म्हणून नागपुरात शिकणाऱ्यांना जवळच मोठे शिक्षणक्षेत्र आहे. त्याच्या बाजूच्या चौकाला शहरात आजही ‘पागलखाना चौक’ म्हणतात, आणि ‘मुलीला तिथे पाठवायचे का?’ असे विचारणारे पालक माझ्याकडे येतात. त्यांना मी वॉर्डातील परिचारिकेशी एकदा बोलून यायला सांगते.

राज्यातील महाविद्यालयांचे प्रवेश राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षामार्फत होतात. अभिमत विद्यापीठे, एम्स, बंगळुरूची मानसिक आरोग्य संस्था निम्हान्स, रांचीची केंद्रीय मनोचिकित्सा संस्था आणि तेजपूरची मानसिक आरोग्य संस्था यांचे अर्ज, निकष आणि मुदती वेगवेगळ्या असतात. एका ठिकाणी अर्ज केला म्हणजे दुसरीकडे झाला असे नाही. ऑनलाइन नोंदणी, शुल्क, छायाचित्र, कागद चढवणे, पसंतीक्रम हे टप्पे पुस्तिकेत क्रमाने दिलेले असतात. तात्पुरती गुणवत्ता यादी लागल्यावर मात्र ती त्याच दिवशी पाहावी, कारण प्रवर्ग, गुण किंवा कागदातील त्रुटी दुरुस्त करण्याची मुदत फार थोडी असते. अंतिम यादीनंतर केलेली विनंती कितीही रास्त असली तरी ऐकली जात नाही.

शासकीय सेवेत असलेल्यांनी वरिष्ठांची परवानगी अर्जापूर्वी घ्यावी. नागपुरातील मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय) आणि मेयो (इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय) वैद्यकीय शिक्षण विभागाकडे, तर प्रादेशिक मनोरुग्णालय आणि डागा रुग्णालय सार्वजनिक आरोग्य विभागाकडे येतात; अधिसेविकांमार्फत (मेट्रनमार्फत) जाणारा प्रस्ताव पुढे कोणत्या कार्यालयात जातो हे त्यावर ठरते. तोंडी होकारावर विसंबू नये, प्रस्तावाच्या प्रतीवर आवक क्रमांक घ्यावा. शिक्षणानंतर किती वर्षे सेवा करण्याचे बंधपत्र लिहून द्यावे लागेल, तेही सही करण्यापूर्वी वाचावे.

अभ्यासक्रम पूर्ण झाल्यावर एक काम उरते आणि ते जवळजवळ सर्वच जणी विसरतात. पदविका असो वा एम.एस्सी., ती अतिरिक्त अर्हता म्हणून राज्य परिषदेकडे नोंदवून घ्यावी लागते. मागील महिन्यात एक परिचारिका पाठ्यनिर्देशिकेच्या मुलाखतीहून परत आली, कारण तिची एम.एस्सी. परिषदेच्या नोंदीत नव्हती. तिचा अर्ज आता परिषदेकडे गेला आहे.