गाय पान्हा का चोरते?

वसुबारसेच्या संध्याकाळी धायरीकडच्या एका गोठ्यातून आमच्या सोसायटीत गाय-वासरू आणलं होतं. सकाळपासून व्हॉट्सअ‍ॅपवर एक संदेश फिरत होता : गाईच्या गळ्यावरून हात फिरवा, अंगात ऑक्सिटोसिन म्हणजे ‘प्रेमाचं हार्मोन’ वाढतं, ताण जातो, नात्यांतला दुरावा मिटतो. त्यामुळे पूजा आटोपली तरी माणसं गाईभोवतून हलेनात. मोबाइलचे फ्लॅश, पलीकडे फटाक्यांची माळ. गोठ्याचे काका दावं आवळत म्हणाले, “ताई, आवरा आता. बुजलीय ती. धारेला पान्हा चोरणार.”

संदेश आणि काका, दोघंही एकाच रेणूबद्दल बोलत होते. काकांचं बरोबर होतं.

गाईच्या सडांत आणि त्यांच्या वरच्या पोकळीत जे दूध साठलेलं असतं, ते लगेच निघतं. पण ते थोडं, साधारण 20 टक्के. बाकीचं कासेतल्या असंख्य सूक्ष्म कोषांत अडकलेलं असतं. प्रत्येक कोषाला आकुंचन पावणाऱ्या पेशींनी जाळीसारखा वेढा घातलेला असतो. हा वेढा आवळला की दूध खाली उतरतं. हाच पान्हा. आवळण्याचा निरोप मेंदू धाडतो, पण तो नसांमधून जात नाही, ऑक्सिटोसिनच्या रूपात रक्तातून जातो. अमेरिकेत एली आणि पीटरसन यांनी 1941 साली हे दाखवलं. त्यांनी निम्म्या कासेच्या नसा तोडल्या, तरी पान्हा दोन्ही बाजूंना सारखाच आला. मग त्यांनी गाईला घाबरवलं : पाठीवर मांजर ठेवलं आणि दोन मिनिटं, दर दहा सेकंदांनी कागदी पिशव्या फोडल्या. दूध अडलं. पुढच्या प्रयोगांत मांजराची गरजही उरली नाही, आवाज पुरला. अ‍ॅड्रेनालिन टोचूनही तसंच घडलं. भीतीमुळे सुटणाऱ्या या हार्मोनने कासेकडच्या रक्तवाहिन्या आखडतात आणि ऑक्सिटोसिन पोचतच नाही. शिवाय बुजलेल्या गाईच्या मेंदूतूनही ते नीट सुटत नाही. काकांचा ‘पान्हा चोरणं’ हा शब्द म्हणजे याच घटनेचं नाव.

आता मेंदूत शिरू, कारण मला सगळ्यात विलक्षण वाटतं ते तिथेच घडतं. हायपोथॅलॅमस या भागात काही हजार मोठ्या चेतापेशी ऑक्सिटोसिन बनवतात. त्यांचे लांब तंतू खाली, मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीत उतरतात आणि तिथून ते रक्तात सुटतं. एरवी या पेशी संथपणे, आपापल्या लयीत चालतात. पिलू लुचू लागलं की सडांकडून संदेश येतात, आणि काही वेळाने त्या सगळ्या पेशी जवळजवळ एकाच क्षणी धडाधडा विद्युतस्पंदनं सोडतात, दोन-चार सेकंद. मग पुन्हा शांतता. पाजणाऱ्या मादी उंदरात हा झटका काही मिनिटांच्या अंतराने येत राहतो. दूर दूर असलेल्या पेशींना एकदम कसं कळतं? या पेशी ऑक्सिटोसिन फक्त खाली पाठवत नाहीत, आपल्या शाखांमधून ते शेजारीही सोडतात. त्याने शेजारची पेशी उत्तेजित होते, तीही सोडते, आणि आग पसरावी तसा जोर वाढत जातो. त्याहून थक्क करणारी गोष्ट पुढे आहे. पाजण्याच्या काळात या पेशींच्या मधले आधारपेशींचे पातळ पडदे मागे सरकतात, पेशी एकमेकींना भिडतात, आणि पिलं सुटी झाली की पडदे पुन्हा जागेवर येतात. आई होताना मेंदूची रचनाच बदलते, तात्पुरती.

इथे एक भेद पक्का लक्षात ठेवायला हवा. रक्तात सुटलेलं ऑक्सिटोसिन मेंदूत सहजी परत शिरत नाही. कास आणि मेंदू यांचे हिशेब वेगळे आहेत. म्हणूनच रेडकू गेलेल्या म्हशीला टोचलेल्या ऑक्सिटोसिनच्या इंजेक्शनने दूध उतरतं, माया उतरत नाही. म्हशीच्या कासेत लगेच निघणारं दूध जेमतेम 5 टक्के असतं, म्हणून हा क्रूर प्रकार तिच्याच वाट्याला जास्त येतो. तो थांबायलाच हवा. पण असं दूध पिऊन मुली लवकर वयात येतात, ही भीती मात्र निराधार आहे. ऑक्सिटोसिन हे नऊ अमिनो आम्लांची साखळी आहे, ते लैंगिक हार्मोन नाही आणि आपल्या पोटात ते पचून जातं.

मेंदूत थेट ऑक्सिटोसिन दिलं तर? 1987 मध्ये केंड्रिक, केव्हर्न आणि बाल्डविन यांनी न व्यायलेल्या, पण इस्ट्रोजेन हे मादीचं हार्मोन दिलेल्या मेंढ्यांवर हे करून पाहिलं. मिनिटभरातच त्या परक्या कोकरांना चाटू लागल्या, हुंगू लागल्या. मात्र मेंढी व्यायल्यावर दोनेक तासांत आपल्या कोकराचा वास ओळखते, आणि त्यानंतर दुसरं कोकरू आचळाशी आलं तर त्याला डोक्याने ढकलून देते. कोणत्याही धनगराला हे माहीत असतं. आपल्या पिलाला जवळ घेणं आणि परक्याला दूर लोटणं, दोन्ही एकाच नात्यातून येतात. या रेणूला नुसतं ‘प्रेमाचं’ म्हणणं मला म्हणूनच पटत नाही.

माणसांचं सांगायचं तर, 2005 साली झुरिचमध्ये नाकात ऑक्सिटोसिनचा फवारा घेतलेल्या लोकांनी पैशांच्या खेळात अनोळखी माणसावर जास्त विश्वास टाकला. वर्तमानपत्रांनी ते उचलून धरलं. 2020 मध्ये काटेकोरपणे केलेल्या मोठ्या पुनर्प्रयोगात तसा सरसकट परिणाम आढळला नाही. या दुसऱ्या बातमीचे संदेश मला कोणी पाठवले नाहीत.

राहिले प्रेअरी व्होल, जोडीने राहणारे अमेरिकेतले छोटे कुरतडणारे प्राणी. त्यांच्या जोडीचं श्रेय कित्येक वर्षं मेंदूतल्या ऑक्सिटोसिनच्या ग्राहींना, म्हणजे पेशींवरच्या त्याला पकडणाऱ्या रेणूंना, दिलं जाई, कारण जोडी न करणाऱ्या डोंगरी व्होलमध्ये हे ग्राही वेगळ्याच ठिकाणी दाट असतात. 2023 मध्ये शास्त्रज्ञांनी क्रिस्पर या जनुक-संपादनाच्या तंत्राने प्रेअरी व्होलमधलं ग्राहीचं जनुकच बंद केलं. तरी त्या व्होलनी जोड्या जमवल्या. पिलं झाली. त्यांतल्या काही माद्यांनी ती पाजून वाढवलीही. पिलं कमी जगली, वजनाला हलकी भरली, पण ग्राही नसतानाही दूध उतरलं होतं.