शाळेतील गैरहजेरी आणि बालविवाह प्रतिबंध (महाराष्ट्र)

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात मुलीची शाळा सुटणे आणि तिचे लग्न ठरणे या गोष्टी बऱ्याचदा पाठोपाठ घडतात. कायदे मात्र दोन आहेत आणि त्यांचा सांधा जुळत नाही. शिक्षणहक्क कायदा (2009) 6 ते 14 वर्षांच्या मुलांना लागू आहे. बालविवाह प्रतिबंध कायद्यानुसार (2006) लग्नासाठी मुलगी 18 आणि मुलगा 21 वर्षांचा असावा लागतो. म्हणजे आठवीनंतरची चार वर्षे, जेव्हा मुलीच्या लग्नाची घाई सर्वांत जास्त असते, तेव्हाच तिला शाळेत ठेवण्याची सक्ती संपलेली असते.

शाळेची सक्ती इथे नवी नाही. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी 1917 मध्ये मोफत व सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा आदेश काढला. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा 1 रुपया दंड होता. 2009 च्या कायद्यात मुलाला शाळेत घालणे हे पालकाचे कर्तव्य आहे, पण त्यात कसूर झाल्यास शिक्षा नाही. त्यामुळे गैरहजर मूल शोधण्याचा भार शिक्षकांवर येतो. महिनाभर सलग न आलेले मूल शाळाबाह्य धरले जाते; परंतु चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीच्या बाबतीत एक महिना फार उशिराचा ठरू शकतो.

मराठवाड्यात हे सर्वांत ठळक दिसते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (2019-21) 20 ते 24 वयोगटातील, 18 वर्षांआधी लग्न झालेल्या स्त्रियांचे प्रमाण राज्यात सुमारे 22 टक्के, तर बीड जिल्ह्यात 40 टक्क्यांहून अधिक आढळले. दिवाळीच्या सुमारास ऊसतोड कुटुंबे कारखान्यांकडे निघतात. वयात आलेली मुलगी गावी कुणाच्या भरवशावर ठेवायची, हा आईबापांचा खरा प्रश्न असतो. हंगामी वसतिगृहांची सोय आहे, तरी त्यांमुळे ही धास्ती मिटलेली नाही. शिवाय नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता', आणि मुकादम (मजूर पुरवणारा ठेकेदार) उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो ती कोयत्यामागे. या हिशेबात लग्न हे कमाईचेही साधन बनते. गरिबी एवढे एकच कारण सांगणे म्हणूनच अपुरे आहे.

खेड्यात ग्रामसेवक हा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो आणि अंगणवाडी सेविका त्याला साहाय्य करते. 1098 या बालकांसाठीच्या मदत क्रमांकावर खबर आली की पोलिसांसह लग्नघरी पोहोचायचे, शाळेच्या दाखल्यावरून वय तपासायचे, पालकांकडून हमीपत्र घ्यायचे आणि मुलीला बालकल्याण समितीपुढे न्यायचे, अशी कामाची रीत आहे. न्यायदंडाधिकारी मनाई हुकूम देऊ शकतात. तो मोडून लावलेले लग्न मुळातच रद्द ठरते. अक्षय्य तृतीयेसारख्या मुहूर्तावर सामूहिक बालविवाह रोखण्यासाठी कायद्याने जिल्हाधिकाऱ्यालाच बालविवाह प्रतिबंधक अधिकाऱ्याचे अधिकार दिले आहेत. लग्न लावणाऱ्याला आणि त्याला साथ देणाऱ्यालाही 2 वर्षांपर्यंत सक्तमजुरी व 1 लाखापर्यंत दंड होऊ शकतो. पण ग्रामसेवकाला त्याच गावात रोज काम करायचे असते. गावकीचा रोष पत्करून तक्रार नोंदवणे सोपे नाही, आणि त्याच्या पाठीशी वरचे कार्यालय उभे राहिले नाही तर कायदा कागदावरच राहतो.

एरवी झालेला बालविवाह आपोआप रद्द होत नाही. अल्पवयात लग्न झालेली मुलगी सज्ञान झाल्यावर दोन वर्षांच्या आत, म्हणजे वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत, तो रद्द करण्यासाठी अर्ज करू शकते. तोवर अनेकींच्या कडेवर मूल असते.