जुन्या गाडीचे इंजिन जागेवर चालू ठेवण्याच्या प्रघाताची पार्श्वभूमी

मराठवाड्यात वाड्याच्या अंगणात किंवा पत्र्याच्या शेडमध्ये जपून ठेवलेली अँबेसेडर वा पद्मिनी अधूनमधून सुरू करून, बाहेर न काढता, बराच वेळ तशीच चालू ठेवण्याचा प्रघात आजही दिसतो.

त्याचे मूळ हँडल मारण्याच्या, म्हणजे पुढून लोखंडी दांडा फिरवून इंजिन सुरू करण्याच्या काळात आहे. विजेचा स्टार्टर कॅडिलॅकने १९१२ च्या मॉडेलात दिला होता, तरी बॅटरी उतरली तर सोय असावी म्हणून आपल्याकडील गाड्यांसोबत हँडल पुढे कित्येक दशके राहिले, आणि इतक्या कष्टाने सुरू झालेले इंजिन लगेच बंद करायला कोणी धजावत नसे. शिवाय तेव्हाचे एकाच ग्रेडचे तेल थंडीत फार घट्ट होई. परभणीच्या हिवाळ्यात पहाटे चोक (थंड इंजिनाला जास्त पेट्रोल देणारी कळ) ओढून गाडी तापू देणे त्या वेळी शहाणपणाचेच होते. थंडीतही फार घट्ट न होणारी मल्टिग्रेड तेले सर्रास मिळू लागल्यावर ते कारण ओसरले. सवय मात्र टिकली.

या सवयीने गाडीचे नुकसान कोठे होते, हे इंजिनाच्या रचनेवरून कळते. चोक ओढलेला असताना कार्ब्युरेटर (हवेत पेट्रोल मिसळणारा भाग) गरजेपेक्षा अधिक पेट्रोल सोडतो. त्यातले न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतींवरील तेल धुऊन खाली उतरते आणि चेंबरमधील, म्हणजे इंजिनाच्या तळाशी साठणारे, तेल पातळ करते. एक लिटर पेट्रोल जळताना सुमारे तितकेच पाणी वाफेच्या रूपाने तयार होते, आणि इंजिन व सायलेन्सर पुरेसे तापले नाहीत, तर त्यातले काही आतच साचून गंज चढवते. प्लग काळे पडतात, ते वेगळेच. झडपा उघडणाऱ्या कॅमशाफ्ट आणि टॅपेट यांना मुख्यतः क्रँकशाफ्टने (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याने) उडवलेले तेल मिळते; मंद फेऱ्यांत ते कमी उडते, आणि नेमका त्याच वेळी झडपेच्या स्प्रिंगचा दाब कॅमच्या टोकावर सर्वाधिक असतो.

बॅटरी चार्ज व्हावी म्हणून गाडी चालू ठेवणाऱ्यांचा हिशेब तर बहुधा उलटाच असतो, कारण जुन्या मॉडेलांतला वीज तयार करणारा डायनॅमो मंद फेऱ्यांत जवळजवळ चार्जच करत नाही आणि इग्निशन बॅटरीवरच चालते.

मे महिन्यातल्या वरातीत, गाडी उभीच चालू ठेवली जाते तेव्हा, याची दुसरी बाजू दिसते. पंखा इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरत असल्याने मंद फेऱ्यांत तोही मंदावतो, समोरून वारा मिळत नाही, आणि चाळीस अंशांच्या पुढच्या उन्हात रेडिएटर उकळून पेट्रोलची नळीतच वाफ होते. म्हणून दोन-चार मिनिटांच्या थांब्याने काही बिघडत नसले, तरी शेडमधल्या गाडीला महिन्यातून एकदा, तापमानाचा काटा स्थिरावून पुढेही काही वेळ, रस्त्यावर फिरवून आणणे अधिक हिताचे.