पिनाफोर की जंपर? अमेरिकेतल्या शाळकरी मुलींचे दोन कपडे

आपल्याकडच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळांत शर्टावर घालायच्या बिनबाह्यांच्या गणवेशाला पिनाफोर म्हणतात. अमेरिकेत त्याच कपड्याचं नाव जंपर. त्यात ब्रिटिश इंग्रजीत जंपर म्हणजे स्वेटर, म्हणून गोंधळ आणखी वाढतो. आणि एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकी शाळांच्या फोटोंत दिसणारा पिनाफोर तर या दोन्हींहून वेगळा.

वरचा कपडा काढला तर मुलगी वर्गात बसू शकेल का, एवढं विचारलं की फरक कळतो. या जुन्या पिनाफोरच्या आत बाह्यांचा पूर्ण फ्रॉक असतो. जंपरच्या आत नुसता शर्ट.

पिनाफोर हे फ्रॉकचं आवरण. नावच 'पुढे टाचलेला' अशा अर्थाचं आहे. सुरुवातीला तो खरोखर पिनांनी छातीवर टाचत. पुढे पाठीमागे बंद किंवा गळ्याशी दोन-तीन बटणं आली, तरी पाठ उघडीच राहिली, आपल्या झबल्यासारखी. याचं मूळ धुण्यात आहे. शाळेचा फ्रॉक बहुधा लोकरी किंवा गडद रंगाचा, आणि तेही एखाद-दोनच. लोकर उकळली की आटते, गडद रंग सुटतो. पांढरा सुती पिनाफोर मात्र साबणाच्या पाण्यात उकळावा, नीळ द्यावी, खळ करावी, पुन्हा घालावा. शाई, चिखल, जेवणाचे डाग सगळे त्याच्यावर जात आणि फ्रॉक बरेच दिवस न धुता चाले. लहान मुलगेही तो घालत, त्यामुळे जुन्या फोटोत पिनाफोर दिसला म्हणून ती मुलगीच असेल असं धरू नये. विसाव्या शतकात घरी धुता येणारे सुती फ्रॉक आणि धुलाई यंत्रं आली, तसं या आवरणाचं काम संपलं. उरली ती खांद्यावरची झालर, शोभेपुरती.

जंपरची पाठ शिवून बंद केलेली असते. आत शिरायला बाजूला किंवा मागे चेन, नाहीतर बटणं. साधारण १९७० पर्यंत बहुतेक सरकारी शाळांत मुलींना पँट चालत नसे. थंडीत कॉर्डरॉयचा जंपर, आत उंच गळ्याचा टी-शर्ट आणि पायांत जाड मोजे, असा बेत असे. कॅथलिक शाळांत चौकडीचा जंपर आणि गोल कॉलरचा पांढरा शर्ट हा गणवेशच झाला. सरकारी शाळांत गणवेश उशिरा आला: कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचने १९९४ मध्ये आठवीपर्यंत तो सक्तीचा केला आणि १९९६ मध्ये संसदेपुढच्या वार्षिक भाषणात राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी ही कल्पना उचलून धरली. अजूनही बहुसंख्य सरकारी शाळांत गणवेश नाही.

अमेरिकेत मुलांना जुन्या एकखोली शाळेच्या सहलीला त्या काळच्या वेषात नेतात. तिथे जंपर घातला की वेष चुकतो. पिनाफोर घरी शिवता येतो: सहा-सात वर्षांच्या मुलीसाठी ४४ इंची पन्ह्याचं पांढरं केम्ब्रिक (दाट विणीचं सुती कापड) दीड मीटर पुरतं. कापड आधी धुऊन आटवून घ्या. घेर छातीच्या दुप्पट, उंची फ्रॉकपेक्षा इंच-दोन इंच कमी. मुंढा, म्हणजे हात घालायची जागा, सैल ठेवा. आतल्या फ्रॉकची फुगा बाही त्यातून यायची असते आणि बेताचा मुंढा काखेत काचतो. खालच्या दुमडीच्या वर अर्ध्या इंची तीन आडव्या टका, म्हणजे कापड दुमडून शिवलेल्या घड्या, घाला. एक टक एक इंच कापड खाते, म्हणजे तीन इंच वाढ आत राखून ठेवलेली. मुलगी वाढली की एकेक उसवायची. पांढऱ्या कापडावर विटक्या रेषा उमटत नाहीत.

जंपरची गोष्ट उलट. त्याची खालची दुमड सोडली की जुन्या काठावर विटलेली रेघ दिसते. व्हिनेगरच्या पाण्यात भिजवलेलं फडकं ठेवून इस्त्री केली तर घडी जाते, उडालेला रंग परत येत नाही. नवा घेताना दुमडीत तीन इंच माया (जादा कापड) आहे का ते पाहा, आणि बाजूच्या शिवणीवर चौकडीच्या रेघा जुळतात का तेही. लेबलवरचा '६ एक्स' हा जाड मुलींचा माप नव्हे. तो ६ आणि ७ च्या मधला आहे.