चढावरचा तो खटखटाट

रोलर कोस्टरची गाडी पहिला चढ चढू लागली की खालून खट् खट् खट् असा आवाज येतो आणि पोटात गोळा उठतो. काहीतरी सैल झालंय, आता तुटणार, असंच वाटतं. तो आवाज करतो गाडीखालचा एक लोखंडी खटका. रुळांच्या मधोमध करवतीसारखी दातेरी पट्टी असते. गाडी वर सरकते तसा खटका एकेका दात्यावरून घसरतो आणि पुढच्या खाचेत पडतो. वर ओढणारी साखळी तुटली तरी गाडी एका दात्यापेक्षा जास्त मागे येऊ नये, एवढंच त्याचं काम. लंडनच्या बॅटरसी पार्कमध्ये ३० मे १९७२ रोजी गाडी ओढणाऱ्या दोरापासून सुटली आणि मागे येऊ न देणारी ही यंत्रणाच नेमकी चालली नाही. गाडी उलटी घरंगळली. पाच मुलं दगावली.

घाबरायचंच असेल तर आवाज ऐकून नव्हे, तो थांबल्यावर घाबरावं. (काही नव्या कोस्टरवर खटका चुंबकाने उचलून धरतात, तिथला चढ शांतच असतो. तो हिशेब वेगळा.) या पाळण्यांच्या अपघातांबद्दल वाचत गेलं की एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. आपण किंचाळतो एका ठिकाणी आणि धोका बसलेला असतो दुसऱ्याच ठिकाणी.

उलट्या वळणाचंच घ्या. डोकं खाली, पाय वर, आता पडणार! पण वेग पुरेसा असेल तर त्या क्षणी शरीर आसनावर दाबलेलं असतं. शिवाय गाडीला तीन बाजूंनी चाकं असतात. काही रुळावर चालतात, काही बाजूने धरतात, काही रुळाखालून. ही खालची चाकं जॉन मिलर या अमेरिकी अभियंत्याने १९१९ च्या सुमारास आणली, आणि तेव्हापासून गाडी रुळावर नुसती ठेवलेली नसून रुळाला पकडून असते.

त्रास होतो तो वळणाच्या तळाशी. १८९५ मध्ये न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर 'फ्लिप फ्लॅप' नावाचं उलटं वळण बांधलं गेलं, अगदी कंपासने काढल्यासारखं गोल. शाळेतलं भौतिकशास्त्र आठवत असेल तर गणित सोपं आहे. गोल वळणाच्या माथ्यावर गाडी जेमतेम टिकावी एवढा वेग धरला, तरी तळाशी माणसाला स्वतःच्या वजनाच्या सहापट भार जाणवतो. साठ किलोच्या माणसाला तीनशे साठ किलो, आणि तेही एका झटक्यात. लोकांच्या माना दुखावल्या यात नवल नाही. यावरचा टिकाऊ तोडगा १९७६ मध्ये आला. जर्मन अभियंते वेर्नर श्टेंगल यांनी कॅलिफोर्नियातल्या 'रेव्होल्यूशन'साठी वळण गोल न ठेवता पाण्याच्या उलट्या थेंबासारखं केलं, माथ्याशी आवळ आणि तळाशी ऐसपैस. भार हळूहळू चढतो, हळूहळू उतरतो.

हा 'हळूहळू' फार महत्त्वाचा. १९९४ मध्ये संशोधकांनी रोजच्या हालचालींमध्ये डोक्याला बसणारे धक्के मोजले. खुर्चीत धपकन बसलं की डोक्याला दहा जीपर्यंत, म्हणजे गुरुत्वत्वरणाच्या दहापट, धक्का बसतो! तरी काही होत नाही, कारण तो क्षणार्धात संपतो. चार जी काही सेकंद टिकले तर मात्र रक्त पायांकडे ओढलं जातं आणि डोळ्यांपुढे करडं होऊ लागतं. म्हणूनच कोस्टरच्या रचनेच्या मानकांमध्ये नुसता आकडा नसतो. किती भार, कुठल्या दिशेने आणि किती वेळ, असं तिहेरी बंधन असतं. बाजूने येणारा भार सर्वांत वाईट. पाच किलोच्या आसपासचं डोकं बारीकशा मानेवर तोललेलं असतं, आणि पुढे काय येतंय हे माहीत नसलं की मानेचे स्नायू वेळेवर आवळले जात नाहीत.

कधी कधी थरार हाच धोका ठरतो, हेही मान्य करायला हवं. जपानच्या फुजी-क्यू हायलँडमधला 'दो-दोदोन्पा' १.५६ सेकंदांत ताशी १८० किलोमीटरचा वेग गाठायचा. मान आणि पाठीची हाडं मोडल्याच्या तक्रारी आल्यावर २०२१ मध्ये तो थांबवला गेला आणि पुढे कायमचाच बंद झाला.

पण मोठे अपघात बहुधा रटाळ जागी जन्मतात. इंग्लंडमधल्या आल्टन टॉवर्सचा 'स्मायलर' हे त्याचं धडधडीत उदाहरण. एकाच रुळावर अनेक गाड्या धावतात म्हणून आगगाडीसारखे टप्पे पाडलेले असतात; पुढचा टप्पा मोकळा झाल्याशिवाय संगणक मागच्या गाडीला सोडत नाही. २ जून २०१५ रोजी जोराचा वारा होता. चाचणीसाठी सोडलेली रिकामी गाडी वाटेतच अडकली. संगणकाने ते ओळखून सोळा प्रवाशांची गाडी चढावर रोखून धरली. त्याचं काम चोख झालं होतं. तंत्रज्ञांना मात्र अडकलेली गाडी दिसली नव्हती. त्यांना वाटलं, यंत्रच उगाच अडवतंय. त्यांनी तो अडथळा ओलांडून गाडी पुढे सोडली आणि ती थेट त्या रिकाम्या गाडीवर आदळली. दोन तरुणींचा एकेक पाय कापावा लागला. पुढच्या वर्षी न्यायालयाने कंपनीला ५० लाख पौंडांचा दंड केला, आणि ठपका ठेवला तो कर्मचाऱ्यांवर न ठेवता कंपनीच्या कामाच्या पद्धतीवर. मला तो योग्य वाटतो. खोटी धोक्याची सूचना रोजच येत असेल, तर खरी आली तरी माणूस कंटाळून बटण दाबतोच.

धातूही थकतो. तीच कांब लाखो वेळा वाकली की पृष्ठभागावर केसाएवढी भेग पडते आणि ती वाढत जाते. ओसाकाच्या एक्स्पोलँडमध्ये ५ मे २००७ रोजी अशाच थकव्याने चाकांचा आस तुटला आणि एका तरुणीचा जीव गेला. डोळ्यांना न दिसणारी भेग ध्वनिलहरींनी किंवा चुंबकीय भुकटीने सापडते, फक्त शोधणाऱ्याने ठरल्या दिवशी शोधावी लागते.

मांडीवरच्या दांड्याचीही गोष्ट अशीच. तो मांड्यांना आणि कमरेला दाबून धरतो, म्हणजे त्याला मांड्या हव्यात. २०११ मध्ये न्यूयॉर्क राज्यात दोन्ही पाय गमावलेल्या एका माजी सैनिकाला गाडीत बसू दिलं गेलं. तो वाटेत बाहेर फेकला जाऊन मरण पावला. उंचीची पट्टी लावून मुलाला परत पाठवणारा कर्मचारी खडूस वाटतो खरा, पण दांडा कुठल्या मापाच्या शरीराला धरू शकतो, तेच ती पट्टी सांगत असते.

आणि ३० जून २०२३ ची एक चित्रफीत. अमेरिकेतल्या कॅरोविंड्समधला 'फ्युरी ३२५' सुसाट धावतोय, वरून किंकाळ्या येतायत. खाली उभ्या असलेल्या एका पाहुण्याने फोन रोखला तो एका खांबावर. खांब माथ्याजवळ आरपार तडकला होता, आणि गाडी जाताना ती फट उघडत होती. त्याने सांगितल्यावर तो कोस्टर थांबवला गेला. खांब बदलून ऑगस्टमध्ये पुन्हा सुरू झाला.